भाजी वेळेवर दारात आली, आणि बीपी उतरलं

ब्लडप्रेशरच्या प्रत्येक पेशंटला डॉक्टर एक वाक्य सांगतातच: मीठ कमी करा, भाज्या-फळं वाढवा. या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी माझ्या स्वयंपाकघरात एकटीनं जमवला. दुसऱ्या अर्ध्यासाठी मात्र आमच्या बिल्डिंगमधल्या बायका, एक भाजीवाली आणि इंदूरची चोइथराम भाजीमंडी अशी सगळ्यांची मोट बांधावी लागली. लिहायचं आहे ते मुख्यतः या दुसऱ्या भागाबद्दल, कारण त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते. नोकरी विम्याच्या ऑफिसात, वय पन्नाशीपुढचं. घरी हे, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. ऑफिसातल्या आरोग्य तपासणीत माझं बीपी 158/96 निघालं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, कसलाच त्रास नव्हता. बीपी बहुतेकांच्या बाबतीत असंच गुपचूप वाढतं. आमच्या डॉक्टर बाईंनी त्या एका आकड्यावर काही ठरवलं नाही. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा आणि वही घेऊन या, म्हणाल्या.

मोजायची रीत त्यांनी समोर बसवून शिकवली. आधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही. दंड टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या उंचीला येईल. अर्धा तास आधी चहा नाही, लघवी तुंबवून बसायचं नाही, मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर आकडा उगीचच जास्त येतो. दवाखान्यात 140/90 आणि घरी 135/85, त्याच्या वर गेलं की जास्त धरतात. माझी आठवड्याची सरासरी 150/94 च्या आसपास आली. माझ्या वडिलांना साठीच्या आत अर्धांगाचा झटका आला होता, त्यामुळे बाईंनी लगेच एम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमची गोळी सुरू केली.

गोळीनं फरक पडला, पण पुरेसा नाही. पुढच्या भेटीत वहीतली सरासरी 142/90 होती. बाई म्हणाल्या, "आता दुसरी गोळी जोडता येईल. नाहीतर तीन महिने जेवण खरोखर बदलून बघा, गोळी चालूच ठेवून. मग ठरवू." मी जेवणाचा रस्ता धरला.

मिठाचा हिशोब आधी घेतला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. आपण किती खातो ते कळायला एक सोपी युक्ती आहे. मिठाच्या नव्या पाकिटावर ते फोडल्याची तारीख लिहायची. चार माणसांच्या घरात 5 ग्रॅमप्रमाणे एक किलो मीठ साधारण पन्नास दिवस पुरायला हवं. आमचं पाकीट महिन्याभरात रिकामं झालं, म्हणजे माणशी आठ ग्रॅमच्या वर. त्यात विकतची शेव, पापड, ऑफिसातली कचोरी काहीच धरलेलं नाही.

मग मी आमच्या पानाकडे नीट पाहिलं. आपल्याकडे पानात डावीकडे वाढतात ते मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, पापड. लिंबू आणि कोशिंबीर वगळली तर बाकी सगळं मीठच, वेगवेगळ्या रूपांतलं. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, आणि तोही सोडियमचाच. म्हणून डावी बाजू उलटी केली. कोशिंबीर चमचाभराऐवजी वाटीभर झाली. काकडी, गाजर, मुळा, कोबी, बीट, जे असेल ते, दाण्याचं कूट आणि लिंबू घालून. लोणचं आणि पापड एकाआड एक दिवस.

सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. त्या दरवर्षी कैरीचं लोणचं घालतात, सांडगी मिरची करतात, आणि त्यांच्या बरण्यांवर आमचं अख्खं घर वाढलं आहे.

"अगं, लोणच्याशिवाय वरणभात घशाखाली उतरतो का?"

"आई, लोणचं बंद नाही करत. एकच फोड घेऊ, आणि रोज नको."

त्यांनी माझ्या वडिलांचं आजारपण पाहिलेलं होतं. त्यामुळे फार ताणलं नाही. उलट पुढे त्याच मला शिकवायला लागल्या: आमसूल जरा जास्त घाल म्हणजे आमटीला मीठ कमी लागतं, कारळाच्या चटणीत लसूण वाढव, भाजी उतरवताना वरून लिंबू पिळ. कणकेतलं आणि भातातलं मीठ काढून टाकलं ते तर कुणाला कळलंही नाही. ताक जिरेपूड आणि पुदिना घालून बिनमिठाचं. पहिले काही आठवडे सगळं मिळमिळीत लागलं. मग जीभ बदलली. आता बाहेरची भाजी खाल्ली की मीठ जाणवतं.

शेवेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इंदूरकरांसमोर शेव सोडा म्हणणं सोपं नाही. सकाळी पोह्यांवर शेव, दुपारी शेव-टमाट्याची भाजी, संध्याकाळी चहाबरोबर शेव-परमल, म्हणजे शेव-मुरमुरे. वरून जीरावन मसाला, ज्यात साधं मीठ आणि काळं मीठ दोन्ही. पाकिटातल्या शेवेच्या मागे सोडियमचा आकडा छापलेला असतो. त्याला अडीचनं गुणलं की मीठ कळतं. 100 ग्रॅममागे 800 मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते 2 ग्रॅम मीठ झालं. नमकीनच्या दुकानातून तोलून आणलेल्या शेवेला असा आकडाच नसतो, आणि आमच्याकडे नेमकी तीच यायची. आम्ही पोहे सोडले नाहीत. इंदुरी पोहे वाफेवरचे, मुळात हलके. त्यावर शेवेऐवजी कांदा, डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर, मोड आलेले मूग आणि भरपूर लिंबू घालतो. रविवारी शेव येते, बोटाच्या चिमटीनं घालण्याइतकी. छप्पन दुकान किंवा सराफा या इथल्या खाऊगल्ल्यांत जाणंही बंद नाही, फक्त त्या दिवशी घरचं जेवण फार बिनमिठाचं असतं.

मिठाचा भाग असा मार्गी लागला. भाज्यांचा लागेना.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितली आहेत. चौघांच्या घरात म्हणजे दीड किलोच्या वर भाजी, रोज. मी घरातल्या काट्यावर तोलून पाहिलं. आम्ही चौघं मिळून अर्धा किलोही खात नव्हतो, आणि त्यात बटाटाच मोठा. भाज्या-फळांतलं पोटॅशियम मूत्रपिंडांना सोडियम बाहेर टाकायला मदत करतं, म्हणजे मीठ कमी करणं आणि भाजी वाढवणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. एक टोक धरून अर्धंच काम होत होतं.

भाजी कमी खाण्याचं कारण नावड हे नव्हतं. आमच्या गल्लीत ठेला यायचा दहा-साडेदहाला. त्या वेळी मी ऑफिसात. संध्याकाळी सहाला परत यावं तर ठेल्यावर बटाटे, कांदे, जून झालेली गिलकी (घोसाळी) आणि मलूल कोथिंबीर. चोइथरामची मंडी आमच्यापासून लांब नाही, पण तो घाऊक बाजार. पहाटे भरतो, माल कॅरेटनं आणि पोत्यानं निघतो. रोज पहाटे जाऊन दोन जुड्या मेथी आणणं नोकरदार बाईला झेपत नाही. मोठ्या दुकानातली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली भाजी महाग, आणि पालेभाजी कालचीच असते. रविवारी आठवड्याची आणून ठेवली तर बुधवारनंतर पालकाचं पाणी होतं. मग होतं काय, बुधवारपासून बटाटा.

एका रजेच्या दिवशी मी ठेलेवाल्या मौसींना विचारलं, पालक, मेथी, बथुआ इतकं कमी का आणता? त्यांनी सरळ सांगितलं, "दीदी, आलू बचा तो कल बिक जाएगा. पालक बची तो मेरी जेब से गई." दोन प्रहर उन्हात उभं राहिलं की पाला मान टाकतो, तो कुणी घेत नाही, आणि मंडीत रोख मोजलेले पैसे बुडतात. म्हणून त्या खात्रीनं खपणारं तेवढंच उचलतात. आमच्या ताटात पालेभाजी नसण्याचं मूळ इथं होतं. नासाडीची सगळी जोखीम दिवसाला काही शे रुपये मिळवणाऱ्या एका बाईवर, मग ती ठेल्यावर पालेभाजी आणेल कशाला?

त्या बोलण्यातूनच व्यवस्था सुचली. बिल्डिंगमधल्या ज्या घरी बीपी किंवा साखर आहे (आणि अशी घरं थोडी नाहीत) त्यांना विचारलं. रात्री आठपर्यंत प्रत्येकीनं उद्याची यादी व्हॉट्सअॅपवर टाकायची. मौसींना वाचता येत नाही, त्यांचा मुलगा यादी वाचून बेरीज करतो: पालक इतक्या जुड्या, मेथी इतक्या, दुधी, गाजर, कोबी इतके किलो. पहाटे मंडीतून तेवढा माल वेगळा उचलायचा आणि पहिला थांबा आमच्या फाटकाशी, सव्वासातला. आमच्या बाजूनं नियम दोन. सांगितलेली भाजी घ्यायचीच, गावाला जायचं झालं तर शेजारणीला द्यायची, पण मौसींच्या अंगावर टाकायची नाही. आणि भावात घासाघीस नाही. हिशोब आठवड्याला.

घासाघीस न करण्याच्या मुद्द्यावर दोन घरं नाराज होऊन बाजूला झाली. मला अजूनही वाटतं की तो नियम हवाच होता. रोज एक-दोन रुपयांसाठी मौसींना ताणलं असतं, तर त्यांनी पालक आणणं पुन्हा सोडलं असतं.

भाजी वेळेवर यायला लागल्यावर पुढची अडचण समोर आली, ती निवडण्याची. पालेभाजी निवडायला वेळ लागतो, आणि सकाळी डब्याच्या गडबडीत तो कुणाकडेच नसतो. हे काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. संध्याकाळी खाली बाकावर बिल्डिंगमधल्या आज्या बसतातच. त्यांच्यासमोर परात आणि जुड्या ठेवल्या जाऊ लागल्या. मेथीची पानं खुडायची, मुळाशी चिखल असलेला पालक आधी झटकायचा, पिवळी पानं गाईला, कोवळे देठ ठेवायचे. निवडलेला पाला न धुता जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून फ्रीजमध्ये. धुवायचा तो चिरायच्या आधीच, तीन-चार पाण्यांतून, पावसाळ्यात जरा जास्तच. असा ठेवलेला पाला दुसऱ्या दिवशीही टवटवीत निघतो. एकेका आजीकडून भाज्यांची नावंही परत आली. चाकवत म्हणजेच मौसींचा बथुआ, राजगिऱ्याचा पाला ताकातला छान होतो, हरभऱ्याचा कोवळा पाला दाणे घालून. मुळ्याचा पाला आम्ही वर्षानुवर्षं टाकत होतो, आता त्याची भाजी होते.

फळांत महागाच्या मागे लागलो नाही. पेरू, पपई, संत्री आणि बऱ्हाणपूरकडची केळी. ऑफिसच्या डब्यात एक फळ जातं, चारच्या कचोरीच्या वेळी तेच खाते. आता काट्यावर तोललं तर चौघांची भाजी किलोच्या पुढे जाते. 400 ग्रॅम माणशी अजून गाठलेलं नाही, पण बटाटा मोजत नाही आणि तरी एवढं होतं.

तीन महिन्यांनी वही घेऊन बाईंकडे गेले, तेव्हा घरची सरासरी 126/80 होती. गोळी तीच, 5 मिलिग्रॅम. दुसरी जोडावी लागली नाही. या काळात वजनही थोडं उतरलं होतं, त्याचाही वाटा असणार, असं बाई म्हणाल्या. मी विचारलं, जेवणानं इतका फरक पडतो? तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या डॅश प्रयोगाबद्दल सांगितलं. 1997 साली त्याचे निष्कर्ष आले. 459 माणसांना आठ आठवडे ठरावीक जेवण दिलं, काहींना नेहमीचं, काहींना भरपूर फळं-भाज्या आणि कमी चरबीचं दूध-दही असलेलं. ज्यांचं बीपी आधीच वाढलेलं होतं, त्यांचा वरचा आकडा या दुसऱ्या जेवणानं नेहमीच्या जेवणापेक्षा सरासरी 11 अंकांनी जास्त उतरला, आणि तेही दोन्हींत मीठ सारखंच ठेवून. 2001 मधल्या पुढच्या प्रयोगात मीठही कमी केलं तेव्हा आणखी उतरला.

माझ्या मनात मात्र दुसरीच गोष्ट राहिली. त्या प्रयोगात लोकांना नुसता सल्ला दिला नव्हता, जेवण त्यांच्या हातात दिलं होतं. पुढे 2023 साली अमेरिकेतलाच आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या 12 राज्यांत डॉक्टरांमार्फत गरजू लोकांना भाज्या-फळं घेण्यासाठी कूपन किंवा कार्ड दिलं जायचं. बीपी वाढलेल्या मोठ्या माणसांचा वरचा आकडा त्यात सरासरी 8 अंकांच्या आसपास उतरलेला दिसला. त्यात तुलनेसाठी कूपन न मिळालेला गट नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय कूपनाला देता येत नाही. तरी आमच्या फाटकाशी जे घडलं त्याच्याशी ते इतकं जुळतं की मी ते भेटेल त्याला सांगते.

आता मौसींबद्दल. एका सकाळी त्या ठेला धरून उभ्या होत्या, डोकं जड आहे म्हणाल्या. त्यांना वर बोलावून बसवलं, पाच मिनिटांनी मशीन लावलं. दोन्ही वेळा वरचा आकडा 160 च्या पुढे. दुपारी काय खाता विचारलं तर रोटी, आणि लाल मिरची-लसणाची मीठ घालून कुटलेली चटणी. रोज. ठेल्यावरची भाजी विकायची असते, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, भाजी मिळत नाही. पहाटेपासून भाज्यांच्या ढिगात वावरणाऱ्या बाईच्या ताटात भाजी नाही, हे ऐकून आम्ही सगळ्याच गप्प झालो. त्यांना जवळच्या सरकारी संजीवनी क्लिनिकमध्ये नेलं. तिथं गोळी सुरू झाली, ती फुकट मिळते. आणि आमच्या यादीत एक ओळ कायमची वाढली: दोन जुड्या आणि अर्धा किलो भाजी मौसींच्या घरची, पैसे सगळ्यांच्या हिशोबात वाटून. मौसी आधी नको म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांना सांगितलं, तुम्ही आजारी पडलात तर आमची भाजी कोण आणणार. तेव्हा घेतली. त्यांचं बीपी दर सोमवारी आमच्या मशीनवर मोजतो, त्यांचं वेगळं पान आहे वहीत.

ज्यांना असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी आवर्जून. जेवण सुधारलं म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, डोस कमी-जास्त डॉक्टरच करतील. आणि बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणायचं नाही. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. चीनमध्ये सुमारे 21,000 लोकांवर झालेल्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात अशा मिठानं अर्धांगाचं प्रमाण कमी झालं, हे खरं. पण मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. सासूबाईंना टेल्मिसार्टन आहे आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वाढलेलं, म्हणून एका चुलीवरच्या आमच्या घरात ते मीठ आणायचं नाही असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. त्यांच्या पालेभाजीचं आणि फळांचं प्रमाणही बाईंनीच ठरवून दिलं आहे. सैंधवही उपयोगाचं नाही, त्यातही बहुतेक सोडियम क्लोराइडच असतं.

सध्या काळजी उन्हाळ्याची आहे. एप्रिल-मेमध्ये पालेभाजी महाग होते आणि मंडीतून कॉलनीत येईपर्यंत सुकते. यंदा ठेल्यावर ओलं पोतं टाकायचं, फाटकाची वेळ साडेसहा करायची आणि यादीत दुधी, गिलकी, काकडी, लाल भोपळा, टरबूज वाढवायचं असं ठरलं आहे. मागच्या गल्लीतल्या बिल्डिंगमधूनही विचारणा आली आहे. मौसींचा मुलगा म्हणतो की तेवढी घरं जोडली गेली तर लोडिंग रिक्शा रोज भरेल, आणि मग फळंही थेट मंडीतून आणता येतील. त्यांच्या यादीचं काम कोण बघणार, एवढं ठरायचं बाकी आहे.